आख्ख्या गावाचा भाचा

मॉल नाही, मल्टिप्लेक्स नाही, कॅपुचिनो तर नाहीच नाही. तरीही जालना जिल्ह्यातल्या केदारखेड्यात राहणं ही चैन आहे. फक्त ती नक्की कोणाला परवडते, हा प्रश्न जरा अवघड आहे!

२०२०चा मार्च, तिसरा आठवडा. ऑफिसनं 'घरून काम करा' असं सांगितलेलं. वाकडच्या वन बीएचकेत दोन दिवस भिंतीकडे बघत बसल्यावर मी सरळ मामाकडे जायचं ठरवलं. चार दिवस काढू, भाकरी खाऊ, येऊ परत. एवढाच प्लॅन. एसटीतून उतरलो तेव्हा पाठीवर लॅपटॉपची सॅक, हातात बाकरवडीचा बॉक्स आणि कानात इयरफोन. फाट्यावरच्या टपरीत बसलेल्या एका आजोबांनी मला वरपासून खालपर्यंत निरखलं आणि इयरफोन काढायची खूण करून विचारलं, "कोणाकडं?"

मी मामाचं नाव सांगितलं. पाठोपाठ, का कोण जाणे, आईचंही.

"म्हणजे तू तिचा पोरगा! मग असा पाव्हण्यासारखा काहून उभा? बस. ए, भाच्याला चहा दे रे."

पुढची चार वर्षं त्या टपरीवर मला एकदाही पैसे देता आले नाहीत.

आता खरं सांगायचं तर मी दहावीनंतर गावाकडे फिरकलो नव्हतो. आजोळ म्हणजे लहानपणीच्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या, आंबे आणि अंगावर उठलेलं घामोळं, इतकंच डोक्यात होतं. त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की लग्न होऊन बाहेर गेलेली लेक ही एका घराची नसते, गावाची असते. आणि तिचा मुलगा म्हणून मी आख्ख्या गावाचा भाचा! न्हाव्यानं पहिल्या कटिंगचे पैसे घेतले नाहीत. गिरणीवाल्यानं दळण घरी पोचवलं. रस्त्यात भेटलेल्या आज्या गालांवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडायच्या आणि "लय वाळला माय" म्हणायच्या. (माझं वजन तेव्हा ब्याऐंशी किलो होतं.) वाकडच्या सोसायटीत तोवर माझी सहा वर्षं झाली होती. समोरच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं, हे मला कुरिअरवाल्यामुळे कळलं होतं.

चार दिवसांचे सव्वा वर्ष झाले.

टाकीशेजारचं ऑफिस

जालन्याहून भोकरदनकडे निघालात की आधी राजूरचा गणपती लागतो. चतुर्थीला, त्यातही अंगारकीला, तिथे पाय ठेवायला जागा नसते. राजूर मागे पडलं की काळ्या जमिनीचे चढउतार सुरू होतात आणि मग पूर्णा नदी. ही पूर्णा म्हणजे अजिंठ्याच्या डोंगरात उगवून गोदावरीला मिळणारी. विदर्भातली, तापीला मिळणारी पूर्णा वेगळी. हा खुलासा एवढ्यासाठी की मी तीस वर्षं दोन्हींत गोंधळ करत होतो. केदारखेडा हे या रस्त्यावरचं, या नदीकाठचं गाव. ना खूप लहान, ना तालुक्याचं. गूगल मॅपवर झूम केल्याशिवाय दिसत नाही.

माझं ऑफिस होतं गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी. कारण रेंज फक्त तिथेच यायची. डोक्यावर मामानं बांधून दिलेली शेडनेटची हिरवी जाळी, खाली प्लॅस्टिकची खुर्ची, समोर मक्याचं शेत. आमचा क्लायंट अमेरिकेतल्या आयोवाचा, म्हणजे कॉल रात्री. एकदा तिकडचा मॅनेजर गप्पांच्या ओघात म्हणाला, मी एका छोट्या गावात राहतो, खिडकीतून मका दिसतो. मी म्हटलं, मलाही! मग त्या मीटिंगची पहिली दहा मिनिटं आम्ही कणसं कधी भरतात यावर बोललो. टीममधल्या बाकीच्यांना वाटलं, नेट गंडलंय.

गंमत म्हणजे आयोवा आणि जालना यांचा संबंध मक्यापुरता नाही. जालन्यात १९६४ साली 'महिको' ही बियाणं कंपनी काढणारे बद्रीनारायण बारवाले यांना १९९८चा 'वर्ल्ड फूड प्राइझ' मिळाला होता आणि त्या पुरस्काराचं मुख्यालय आयोवाच्या राजधानीतच, डे मॉइनला आहे. मामाला हे सांगितलं तर त्याला त्याचं काहीच वाटलं नाही. "मग? बियाणं आपल्याकडचंच चांगलं राहतं." त्याला वेगळाच प्रश्न पडला होता.

"हे गोरे रातच्याला काहून झोपत नाहीत?"

"मामा, त्यांच्याकडे आता सकाळ आहे."

"मग त्यांच्या सकाळीसाठी तू काहून जागू राहिला?"

सात वर्षांच्या करिअरमध्ये याचं उत्तर मला कोणत्याही एचआरनं दिलेलं नाही.

नुसतं शांत नाही हो!

गावाला जाऊन आलेले लोक 'किती शांत' म्हणतात तेव्हा मला हसू येतं. पहाटे साडेचारला मंदिराचा भोंगा, पाचला कोंबडे, साडेपाचला शेजारच्या काकूंचा सुनेशी वाद, सहाला दूधवाल्याची मोटारसायकल. शांतता हवी असेल तर पुण्यात एसी लावून खिडक्या बंद करा. इथलं सुख वेगळं आहे. इथे दिवस मोठा असतो, इतकंच. सकाळी भाकरी खाऊन नदीपर्यंत चालून, चावडीपाशी पेपर वाचून, दोन जणांशी विनाकारण बोलून परत आलं तरी घड्याळात नऊच वाजलेले. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये रोज माझे दोन तास जायचे. ते इथे सापडले.

आणि खाणं! मराठवाड्याचा नाश्ता म्हणजे सुशीला, म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा फोडणी दिलेला प्रकार. पुण्यात कोणाला सांगितलं की ते विचारतात, सुशीला कोण? मग धपाटे, येसराची आमटी, शेंगोळे. थंडीत बाजरीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा. मिरची हा इथे मसाला नाही, धंदा आहे. याच तालुक्यातलं पिंपळगाव रेणुकाई हे गाव हिरव्या मिरचीच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. सीझनला तिथून ट्रक भरभरून परराज्यांत जातात. मामी ठेचा वाढताना माझ्याकडे बघून निम्मा परत काढून घ्यायची. तो अपमान मी कधी विसरणार नाही.

डिसेंबर-जानेवारीत हुरडा. पुण्याजवळ हल्ली हुरडा पार्टीला माणशी भरपूर पैसे मोजून, कूपन घेऊन, डीजेच्या तालावर हुरडा खातात. इथे संध्याकाळी कोणीतरी हाक मारतं, गोवऱ्यांची आगटी पेटते, कणसं भाजून तळहातावर चोळली जातात आणि गरम दाणे थेट तुमच्या ओंजळीत पडतात. दाणे चोळून देणाऱ्याचे हात भाजतात, खाणाऱ्याचे नाही. मी कायम खाणाऱ्यांत होतो. हे आता लिहिताना लक्षात येतंय.

पोळ्याच्या आदल्या दिवशीची खांदेमळणी मी पहिल्यांदा मोठेपणी पाहिली. वर्षभर जू वागवून बैलाचा खांदा घट्टा पडल्यासारखा होतो. त्याला हळद आणि तूप चोळायचं, शेकायचं आणि बैलालाच उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. मामाकडे तेव्हा एकच जोडी उरली होती, नांगरट ट्रॅक्टरनंच व्हायची. पण मामा ज्या लाडानं त्या खांद्यावरून हात फिरवत होता ते पाहून मला आमच्या ऑफिसातला अप्रेझलचा दिवस आठवला. तुलना कशी झाली ते विचारू नका.

प्रायव्हसी मात्र शून्य! एकदा मामीनं भाकरी थापता थापता सहज विचारलं, "मुलगी कुठली आहे?" कोणती मुलगी? तर मी रात्री अकराला गच्चीवर एका मुलीशी तासभर बोलतो, हे निम्म्या गावाला माहीत होतं. मामी, ती माझी टीम लीड आहे आणि ती मला झापत होती! विश्वास कोणी ठेवला नाही. पण त्याच गावानं, मला ताप आला त्या रात्री, न सांगता तीन घरांतून डबा, एका घरातून गोळ्या आणि दवाखान्यात न्यायला जीप पाठवली. दोन्ही गोष्टी एकाच पाकिटात येतात. एक ठेवून दुसरी परत करता येत नाही.

ड्यूक साहेबांची नदी

रविवारी मामेभावाच्या बाइकवर मागे बसून भटकायचो. तो माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान, बीएस्सी, घरची शेती बघणारा. त्याला इतिहासात काडीचा रस नाही. मला पेट्रोलचे पैसे द्यायला आवडायचे. जमलं!

भोकरदन आज तालुक्याचं धुळकट गाव वाटतं. पण हे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहूतच्या स्तूपांवर दान देणाऱ्यांची नावं कोरली आहेत, त्यांत भोगवर्धनची माणसं आहेत. १९७३ साली इथे उत्खनन झालं तेव्हा हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती मिळाली. तिच्याशी मिळतीजुळती मूर्ती १९३८मध्ये इटलीत, इसवी सन ७९च्या ज्वालामुखीत गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात सापडली होती. ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. ती भोकरदनच्या बाजूलाच घडवली असावी, असं काही अभ्यासकांचं मत आहे. म्हणजे या भागातला माल दोन हजार वर्षांपूर्वीही एक्स्पोर्ट होत होता. मामेभाऊ म्हणाला, "तेव्हा भाव काय भेटत होता?"

भोकरदनच्या पूर्वेला असई. २३ सप्टेंबर १८०३ला इथे आर्थर वेलस्लीनं शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजेला हरवलं. हाच माणूस पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५मध्ये वॉटर्लूला त्यानं नेपोलियनला धूळ चारली. तरी म्हातारपणी, आयुष्यातली सर्वांत चांगली लढाई कोणती असं विचारल्यावर त्यानं असईचंच नाव घेतलं, असं सांगतात. त्या दिवशी त्याला केळना नदी ओलांडायची होती. वाटाडे म्हणाले, इथे उतार नाही. त्यानं पाहिलं, दोन काठांवर दोन गावं समोरासमोर आहेत. मग मधून ये-जा करायची वाट असणारच! आणि ती होती.

मला ही गोष्ट लढाईपेक्षा जास्त आवडते. परक्या मुलखातल्या फिरंग्यालाही एवढं कळलं की समोरासमोर राहणारी माणसं एकमेकांकडे गेल्याशिवाय राहत नाहीत. त्याला आमची वाकडची सोसायटी दाखवायला हवी होती.

"तुझा पगार पुण्याचा"

त्या वर्षी रब्बीच्या सुमारास एका रात्री माझा कॉल संपला तेव्हा दीड वाजला होता. खाली आलो तर मामेभाऊ गमबूट घालत होता. हातात बॅटरी. शेतीच्या पंपाला त्या आठवड्यात वीज रात्रीची होती, म्हणून पाणी द्यायचं ते रात्रीच. मी हौसेनं सोबत गेलो. थंडी, चिखल, अंधारात सळसळणारं काहीतरी. त्यानं बॅटरी मारली. साप होता, गेला. तो काही झालंच नाही अशा थाटात दुसऱ्या सरीला बारं देऊ लागला.

मी बांधावर बसून म्हणालो, "काहीही म्हण, पण इथं राहण्यात जी मजा आहे ना..."

तो खोरं टेकवून थांबला. "दादा, तुझा पगार पुण्याचा आन् हवा केदारखेड्याची. आमचं दोन्ही केदारखेड्याचं."

एवढंच. मग पुन्हा खोरं.

राग नव्हता त्याच्या बोलण्यात, नुसता हिशोब होता. आणि तो बरोबर होता. २०२२च्या सुरुवातीला कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला, तेव्हा घराला रंग लागला. पुढच्या हंगामांत तो सात हजारांच्या आसपास घसरला. माझा पगार असा कधी घसरत नाही. आणि लग्न? बीएस्सी झालेला, निर्व्यसनी, दिसायला माझ्याहून बरा मुलगा. स्थळं येतात आणि एका प्रश्नावर थांबतात: नोकरी कुठं? मुलींच्या आयांना दोष कसा देणार? त्यांनी स्वतः रात्रीचं पाणी आणि दिवसाचं खुरपणं पाहिलेलं आहे. हे एकट्या केदारखेड्याचं नाही. डिसेंबर २०२२मध्ये सोलापुरात लग्न न जुळणाऱ्या तरुणांनी नवरदेवाच्या पोशाखात, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा काढला होता. आपण ते व्हॉट्सअ‍ॅपवर हसायच्या स्मायलीसकट फॉरवर्ड केलं. मीही केलं होतं.

२०२२मध्ये तो माझ्याकडे वाकडला आला. मीच त्याला एका गोदामात काम मिळवून दिलं. पहिल्या संध्याकाळी त्याचा फोन आला, "दादा, खाली ये." गेलो तर गेटवर वॉचमननं अडवलेला. समोर रजिस्टर. वॉचमन वर न बघता विचारत होता, "कोणाकडे?"

तोच शब्द. फक्त पुढे चहा नव्हता.

पाच महिने राहिला. पगार वेळेवर मिळायचा, तो गावी पाठवायचा. रविवारी मी मॉल दाखवला, मेट्रो दाखवली. त्याला मेट्रो आवडली, खरंच आवडली. पण एक दिवस म्हणाला, आज सकाळपासून माझ्याशी कोणीच बोललं नाही, मी मोजू राहिलो होतो. पुढच्या पेरणीला तो परत गेला. आता त्यानं अर्ध्या एकरात शेडनेट उभं केलंय, मिरचीच्या बीजोत्पादनाचं. बायका सकाळी चिमट्यानं एकेका कळीतले पुंकेसर काढतात, मग हातानं परागीकरण. घड्याळजीचं काम! पैसे कपाशीपेक्षा बरे आहेत. तरी तो दर महिन्याला मला विचारतो, तुमच्याकडं काही आहे का? आणि मी दर महिन्याला म्हणतो, बघतो. माझंही तिकडे तसंच चाललंय. २०२३पासून ऑफिसनं आठवड्यातले तीन दिवस यायला लावलंय. उरलेले दोन आणि शनिवार-रविवार जोडून मी महिन्यातून एकदा मामाकडे पळतो. म्हणजे तो इकडे यायला बघतो, मी तिकडे. मामी म्हणते, दोघं मधे कुठंतरी नगरला भेटा.

मामा मात्र रेल्वेवर आस लावून बसलाय. जालना-जळगाव या १७४ किलोमीटरच्या नव्या मार्गाला ऑगस्ट २०२४मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली. राजूर, भोकरदन, सिल्लोड, अजिंठा असा तो जाणार आहे. मामाचं म्हणणं, गाडी आली की पोरगं सकाळी जालन्याला नोकरीला जाईल आणि संध्याकाळी घरी जेवायला येईल. मामीचं म्हणणं, गाडी आली की उरलेलेही जातील. जेवताना हा वाद रोज होतो आणि ठेचा वाढला की थांबतो.

गेल्या हुरड्याला गेलो तेव्हा फाट्यावर उतरलो आणि सवयीनं टपरीत बसलो. आजोबांची जागा रिकामी होती. चहा देणारा पोरगा नवा, सोळा-सतरा वर्षांचा, कानात इयरफोन घातलेला. त्यानं काहीच विचारलं नाही. चहा ठेवला, मी प्यायलो, आणि त्यानं हात पुढे केला. "दहा रुपये. सुट्टे द्या."

मी दिले. इतकी वर्षं मला ते द्यायचेच होते की!

तेवढ्यात मामेभाऊ बाइकवरून आला, त्यानं माझ्या हातातलं पाकीट पाहिलं आणि गाडी स्टँडला न लावताच ओरडला, "अरे ए, काढ ते कानातलं! भाच्याकडून पैसे घेतो व्हय रे?" पोरगा गोंधळला. "कोणाचे भाचे?" त्यावर मामेभावानं त्याला माझी आई, तिचं लग्न, माझा जन्म, माझी नोकरी असं सगळं सांगायला सुरुवात केली. मी बाइकवर बसून वाट बघत राहिलो. वीस मिनिटं लागली.

कसं जाल? पुण्याहून बसनं छत्रपती संभाजीनगरमार्गे जालना. मुंबईहून देवगिरी एक्स्प्रेस किंवा वंदे भारत. वंदे भारत २०२३च्या डिसेंबरात जालन्यापर्यंत सुरू झाली, २०२५पासून ती नांदेडपर्यंत जाते. जालन्याहून राजूरमार्गे भोकरदनची एसटी धरा. पुढे अन्व्याचं कोरीव खांबांचं महादेव मंदिर आणि सिल्लोडवरून अजिंठा लेणी असं जोडून घेता येईल. जालन्याची मोसंबी आणायला विसरू नका. मुक्कामासाठी हॉटेल हवं तर जालन्यालाच थांबा. केदारखेड्यात राहायचं असेल, तर आधी एखादा मामा शोधा!